पिस्तूल खुळखुळतंय, म्हणजे निकामी झालं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातले हे वाचक ४४ वर्षांचे आहेत. त्यांच्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, .३२ बोअरचं जुनं वॉल्थर पीपी पिस्तूल आहे. आबांचा तेव्हा कंत्राटाचा धंदा होता, रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागे, म्हणून १९८१ साली त्यांनी ते परवान्यावर विकत घेतलं. आता आबा ७६ वर्षांचे आहेत. यंदा खंडेनवमीला पूजेसाठी पिस्तूल बाहेर काढलं तेव्हा ते हातात खुळखुळ वाजतंय असं मुलाच्या लक्षात आलं. गेल्या वर्षी रेंजवर दहा काडतुसांपैकी दोन अडकलीही होती. शहरातल्या एका शस्त्रविक्रेत्यानं ते कानाशी हलवून पाहिलं आणि सांगितलं, ‘हे पार खिळखिळं झालंय, एखाद्या दिवशी स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) तोंडावर येईल. मला देऊन टाका, नव्याच्या किमतीत थोडं वळतं करतो.’ भाचा म्हणतो, व्हाइसमध्ये धरून रेल, म्हणजे स्लाइड जिच्यावर धावते ती पट्टी, थोडी दाबली की घट्ट होईल. विकायचा विषय निघाल्यापासून आबा जेवताना बोलत नाहीत. मुलगा विचारतो: हे पिस्तूल धोकादायक झालंय का, घट्ट करून घ्यावं का, की विकून मोकळं व्हावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पिस्तुलासाठी वाचलं, दुसऱ्यांदा आबांसाठी. मी लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती विभागात आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. उभी हयात दुसऱ्यांची शस्त्रं उघडण्यात गेली, त्यामुळे ‘वाजतंय’ ही तक्रार माझ्या कानाला नवी नाही. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकाच दोरीत गुंतल्या आहेत. पिस्तूल वाजतं, काडतूस अडकतं, आणि स्लाइड तोंडावर येण्याची भीती. पहिल्या गोष्टीमुळे बाकीच्या दोन होतात असं तुम्ही गृहीत धरलंय, विक्रेत्यानंही तसंच सांगितलंय. मला ही गाठ आधी सोडवायची आहे, कारण माझ्या अनुभवात या तिघांचा एकमेकांशी फार क्वचित संबंध असतो.

आधी एक काम करा. पिस्तूल मोकळं करा, आणि ते ठरलेल्या क्रमानंच. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड पूर्ण मागे, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीनं चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढलं, तर वरचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं आणि माणसाला वाटतं पिस्तूल रिकामं आहे. मॅगझीन काढलं तरी चेंबरमधली गोळी उडते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या.

आता रिकामं मॅगझीन लावून पिस्तूल हलवा, आणि मग मॅगझीन काढून पुन्हा हलवा. निम्म्याहून अधिक वेळा आवाज तिथंच निम्मा होतो. मॅगझीन खाचेत सैल बसावंच लागतं, नाहीतर खटका दाबल्यावर ते आपल्या वजनानं खाली पडणार कसं? उरलेला आवाज कुठून येतो ते बोटांनी शोधा. मुठीच्या पट्ट्यांचा स्क्रू ढिला असतो. चापापासून घोड्यापर्यंत जाणारी आतली पट्टी घोडा उतरलेला असताना सैल लोंबते. हे सगळं वगळून जो उरतो तो स्लाइडचा आवाज, आणि विक्रेत्यानं बहुधा याच सगळ्याची बेरीज कानानं ऐकली.

स्लाइड फ्रेमच्या, म्हणजे मुठीसकट खालच्या सांगाड्याच्या, रेलवर पुढेमागे धावते. धावायची म्हणजे तिथं जागा हवीच. बैलगाडीच्या आखाला चाक घट्ट बसवलं तर गाडी चार पावलं चालून जाम होईल. चाक आखावर थोडं लडबडतं म्हणून वंगण राहतं, माती आत गेली तरी बाहेर पडते. पिस्तुलात माती नसली तरी दारूची काजळी असते, तेल असतं, धूळ असते आणि तापल्यावर फुगणारं लोखंड असतं. सुटं ठेवायचं ते किती, एवढाच प्रश्न असतो.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण अमेरिकेच्या फौजेचं .४५ आहे, जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं ‘१९११’ नावाचं मॉडेल. मार्च १९११ मध्ये त्याची चाचणी झाली. सहा हजार गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडलं नाही. त्याच चाचणीत सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडलं. २९ मार्चला ब्राउनिंगचं पिस्तूल फौजेनं स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटाची निवड होईपर्यंत तेच त्यांचं ठरलेलं पिस्तूल होतं. दुसऱ्या महायुद्धात कोल्टबरोबर रेमिंग्टन रँडसारखी टाइपरायटरवाली कंपनी आणि रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल यांनीही ती बनवली. एका कारखान्याची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर कानस न लावता बसली पाहिजे, ही अट होती. अशा अटीत फिटिंग सैलच राहणार. ती पिस्तुलं खुळखुळत खुळखुळत चाळीस वर्षं नोकरी करून गेली. आजचं कोरं ग्लॉक खोक्यातून काढून हलवा, तेही वाजेल. त्याच्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये स्लाइडला धरायला पोलादाची चार छोटी बोटंच आहेत. त्याला कुणी खिळखिळं म्हणत नाही, कारण ते नवं असतं. जुन्याचा आवाज मात्र आपण लगेच म्हातारपणाच्या खात्यावर लिहितो.

मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, तपासणीला ९ एमएमची पिस्तुलं आली होती, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारी, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीची. मी एकेक कानाशी धरून हलवत होतो आणि जी वाजेल ती लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवत होतो. उस्ताद बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग त्यांनी माझ्या लाल चिठ्ठीतलं एक उचललं आणि ‘चांगल्या’ ढिगातलं एक उचललं. दोन्ही रिकामी असल्याची खात्री केली, स्लाइड पुढे बंद केली. जिथून रिकामं टोपण, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच, बाहेर फेकलं जातं त्या खिडकीतून नळीच्या मागच्या भागावर त्यांनी अंगठा ठेवला आणि जोरात खाली दाबलं. माझ्या लाल चिठ्ठीवाल्याची नळी जागची हलली नाही. स्लाइड सैल होती, पण गोळी सुटायच्या क्षणाला नळी दगडासारखी पक्की बसत होती. चांगल्या ढिगातल्या पिस्तुलाची नळी अंगठ्याखाली स्पष्ट दबली. बाहेरून घट्ट, गुळगुळीत, काळंभोर पिस्तूल, आणि आतले कुलपाचे कंगोरे झिजलेले. उस्ताद म्हणाले, ‘बेटा, आवाज ऐकू नको. धरतं कुठं आणि सुटतं कुठं, ते बघ.’ दुसऱ्या दिवशी रेंजवर दोन्हींनी पाच-पाच गोळ्या मारायला लावल्या. कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. सैल पिस्तुलाच्या पाचही गोळ्या तळहाताखाली झाकल्या जात होत्या.

ही अंगठ्याची तपासणी ज्यांच्याकडे नळी कलणारी पिस्तुलं आहेत त्यांच्यासाठी. ९ एमएम, .४५ अशा जोरकस काडतुसाच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड गोळी सुटताना एकमेकांत कुलूपबंद होतात आणि मग वेगळी होतात. तिथली झीज महत्त्वाची. स्लाइड आणि फ्रेममधला खेळ त्यापुढे दुय्यम.

आबांच्या वॉल्थरची गोष्ट आणखी सोपी आहे. पीपी हे १९२९ साली जर्मनीत आलेलं मॉडेल. त्याची नळी फ्रेममध्ये कायमची पक्की बसवलेली असते, ती हलतही नाही, कलतही नाही. त्यात कुलूप नाहीच. .३२ चं काडतूस हलकं, गोळी साधारण साडेचार ग्रॅमची. स्लाइडचं वजन आणि तिला परत पुढे ढकलणारी नळीभोवतीची रिकॉइल स्प्रिंग एवढ्या दोन गोष्टी त्या धक्क्याला पुरे पडतात. गोळी नळीतून निघून जाईपर्यंत स्लाइड आपल्या जडपणानं मागे रेंगाळते, मग टोपण घेऊन मागे जाते. म्हणजे तुमच्या पिस्तुलात जी वस्तू जागची हलता कामा नये, ती नळी, आणि ती फ्रेमलाच जखडलेली आहे.

मग स्लाइडच्या खेळानं नेमावर काही परिणाम होत नाही का? होतो, कारण नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही स्लाइडवर आहेत. पण किती ते मोजून बघू. आपल्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. समजा माशी आणि खाच यांत १३ सेंटिमीटर अंतर आहे आणि स्लाइड तिरकी होऊन एका टोकाला कागदाच्या जाडीएवढी सरकली. दहा मीटरवर त्याचा फरक पडतो आठ मिलिमीटरहून कमी, म्हणजे गोळीच्या स्वतःच्या जाडीएवढा. तुमच्या-माझ्या हाताचा कंप त्याच्या कितीतरी पट असतो. २५ मीटरच्या स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजाला हा फरक नक्की खुपेल. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते याच अंतरावर. त्या पातळीवर फिटिंगचा केसभर फरकही सोसत नाही, म्हणूनच त्या खेळाची पिस्तुलं वेगळी असतात. घरात संरक्षणासाठी ठेवलेल्या .३२ ला तो निकष लावणं म्हणजे शेताच्या विळ्यानं दाढी होते का बघणं.

एक प्रश्न तुम्हाला कुणीच विचारलेला दिसत नाही. आबांनी आजवर गोळ्या किती झाडल्या? परवान्याच्या वहीत काडतूस खरेदीच्या नोंदी असतात. एका संध्याकाळी आबांना शेजारी घेऊन त्या बेरजेला बसा. मला वाटतं आकडा दोन-चारशेच्या वर जाणार नाही. एवढ्यानं पोलादी रेल झिजत नाही. विकत घेताना ते आधीच वापरलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेही आबांनाच आठवेल. रेलवरचा काळा रंग उडून चकचकीत पट्टा दिसतो, त्याला लोक झीज समजतात. रंग पहिल्या पन्नास गोळ्यांतच उडतो. खरी झीज दिसते ती वेगळीच: रेलच्या कडेला बोथटपणा आणि चिपाट्या, स्लाइड जिथं मागे येऊन आदळते तिथं घण बसल्यासारखा सपाट, बाहेर फुगलेला ओठ. असं काही दिसत नसेल, तर बहुधा १९८१ मध्येही पिस्तूल एवढंच वाजत असणार, तेव्हा कुणी कान लावला नव्हता इतकंच.

आता अडकलेल्या दोन काडतुसांकडे येतो, कारण मला काळजी त्यांची जास्त वाटते.

तुम्ही खंडेनवमीचं लिहिलंत आणि माझ्या डोळ्यांसमोर एक पिस्तूल आलं. निवृत्तीनंतर ओळखीच्या एका परवानाधारकानं ते गनस्मिथकडे नेलं होतं आणि मला सोबत बोलावलं होतं. तक्रार तीच, सैल झालंय आणि अडकतं. स्लाइड उतरवली तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे टोपण ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, खालची खाच लालभडक. मला वाटलं गंज आहे. टाचणीनं काढलं तर कुंकू. वर्षानुवर्षं दसऱ्याला पिस्तुलावर हळद-कुंकू वाहिलेलं, वर श्रद्धेनं खोबरेल तेलाचं बोट फिरवलेलं. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत ते आत मेणासारखं बसलेलं, त्यात हळद-कुंकवाची पूड मळून चिक्की झालेली. आकडा काडतुसाची कड धरणार कसा? पिस्तूल सैल नव्हतंच, उलट आतून लिंपलेलं होतं. रॉकेलमध्ये धुऊन, चिंदी मारून, शस्त्राचं पातळ तेल लावल्यावर ते सुरळीत चाललं. आबा दरवर्षी पूजेनंतर कोणतं तेल लावतात, ते हळूच विचारा.

अडकण्याचं दुसरं मोठं कारण मॅगझीन. त्याच्या तोंडाशी पत्र्याचे दोन ओठ असतात, काडतूस कोणत्या कोनात वर येणार ते ते ठरवतात. मॅगझीन एकदा फरशीवर पडून ओठ केसभर वाकला तरी काडतूस नाक खुपसून अडतं. त्यात .३२ च्या काडतुसाची एक खोड आहे. त्याची मागची कड टोपणाच्या अंगापेक्षा थोडी बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की दोन्ही एकमेकांत गुंततात, मग स्लाइड कितीही पुढे ढकलली तरी काही होत नाही. भरताना प्रत्येक काडतूस ओठांखाली पूर्ण मागे सरकवा, म्हणजे वरच्याची कड खालच्याच्या पुढे राहते. तुमच्याकडे दोन मॅगझीन असतील तर खडूनं एक आणि दोन लिहा, आणि पुढच्या वेळी कोणतं अडकतं ते टिपून ठेवा. बऱ्याचदा दोषी एकच निघतं.

आणि काडतुसं. ती किती जुनी आहेत? चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खोचून ठेवलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा चिकट थर येतो. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ असा ठसा असतो, तो खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. माल चांगला आहे, पण चामड्यात आणि दमट कपाटात पंधरा पावसाळे काढलेल्या कोणत्याही काडतुसाकडून फार अपेक्षा ठेवू नये. हिरवट झालेली, डेंट पडलेली काडतुसं वापरू नका. ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा. पिस्तूलही चामड्याच्या खोळीत ठेवू नका. खोळ कमरेसाठी असते, कपाटासाठी नव्हे. चामडं ओल धरतं आणि कमावताना त्यात गेलेली द्रव्यं पोलादाला खातात.

तोंडावर येणाऱ्या स्लाइडबद्दल. ही भीती हवेतली नाही. १९८७-८८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या कमांडोंच्या हातात बेरेटा पिस्तुलांच्या स्लाइड खरोखर तुटल्या आणि मागचा तुकडा उडून चेहऱ्याला इजा झाल्या. पण त्या स्लाइड सैल होत्या म्हणून उडाल्या नाहीत, त्यांना तडे गेले होते. पुढे बेरेटानं घोड्याच्या खिळ्याचं डोकं मोठं केलं, म्हणजे स्लाइड तुटलीच तर तुकडा फ्रेममध्येच अडेल. तेव्हा तुमच्या गनस्मिथला सांगा, स्लाइड धुऊन कोरडी करून भिंगाखाली बघा. टोपण बाहेर पडायच्या खिडकीचे कोपरे, स्लाइडच्या पोटातल्या खाचा, फ्रेमचा चापाजवळचा भाग. तडा असेल तर पिस्तूल तिथंच थांबवायचं, कितीही घट्ट असलं तरी. तडा नसेल तर स्लाइड तोंडावर येत नाही, कितीही वाजली तरी.

तडा पडायला आमंत्रण देते ती थकलेली रिकॉइल स्प्रिंग. वॉल्थरसारख्या पिस्तुलात तिच्यावर फार मोठा भार असतो. ती ढिली पडली की स्लाइड दर गोळीला फ्रेमवर हातोड्यासारखी आदळते. उलट पुढे जाताना जोर कमी पडतो आणि काडतूस अर्धवट चढतं. तुमच्या दोन अडकलेल्या काडतुसांत याही गोष्टीचा हात असू शकतो. ती स्प्रिंग मूळची असेल तर चाळीस वर्षांहून जुनी झाली. योग्य मापाची नवी घालून घ्या, संपूर्ण दुरुस्तीतली बहुधा ही सर्वांत स्वस्त वस्तू. मात्र बॉलपेनातल्या जुगाडासारखी कुठलीही स्प्रिंग कापून बसवू देऊ नका.

मला खरी धास्ती आहे ती आवाज न करणाऱ्या भागांची. पीपीच्या स्लाइडवर डाव्या बाजूला सेफ्टीची कळ असते. ती खाली केली की ताठ असलेला घोडा सुटून खाली येतो, पण आतला अडथळा त्याला फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणाऱ्या खिळ्यावर, पडू देत नाही. हा अडथळा झिजला असेल तर कळ खाली करताच गोळी उडू शकते. कित्येक मालक चेंबर भरलेलं ठेवून रोज रात्री हीच कळ निर्धास्तपणे खाली करतात. जुन्या पिस्तुलाच्या बाबतीत ते करू नये. ही कळ, घोडा अडवून धरणारी खाच आणि फायरिंग पिन नीट आत परतते का, या तीन गोष्टी परवानाधारक गनस्मिथनं रिकाम्या पिस्तुलावर तपासून सांगाव्यात. त्यांपैकी एक जरी नापास झाली तर दुरुस्ती होईपर्यंत पिस्तुलात काडतूस घालायचं नाही. यात तडजोड नको.

भाच्याला माझ्यातर्फे प्रेमानं सांगा, व्हाइस नको. रेल दाबून घट्ट करायची कला खरी आहे, स्पर्धेच्या .४५ वर जाणते कारागीर ती करतात, पण मापं घेत, दर फटक्याला थांबत. घरच्या व्हाइसमध्ये फ्रेम एका ठिकाणी चेपते, दुसरीकडे फाकते, आणि स्लाइड मधोमध आवळली जाते. मग आज न अडणारं पिस्तूल उद्यापासून अडायला लागतं. शिवाय परवाना नसलेल्या माणसानं शस्त्राची दुरुस्ती करणं कायद्यात बसत नाही.

त्याऐवजी एक करा, आणि ज्यांच्या घरी असं जुनं शस्त्र आहे त्या सगळ्यांनीच करावं असं मला वाटतं. गनस्मिथकडे गेलात की स्लाइड आणि फ्रेममधला खेळ, स्प्रिंगची मोकळी लांबी, हे त्याच्याकडून मोजून घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. पुढच्या तपासणीला पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला तर तो त्या पिस्तुलाचा स्वभाव समजा. वाढत गेला तर ती झीज. कानानं हे कधीच कळत नाही.

आता विकण्याबद्दल. तो विक्रेता खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, पण ज्याला ती वस्तू विकत हवी आहे त्यानंच तिची तब्येत तपासावी, हे बरं नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल मागवता येत नाही. बाजारात फिरतात ती आधी आलेलीच. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या वॉल्थरची किंमत आपल्याकडे तिच्या मूळ देशापेक्षा कितीतरी जास्त आहे. दुसऱ्या शहरातल्या, खरेदीशी संबंध नसलेल्या गनस्मिथचं मत घ्या, लेखी घ्या. ‘खिळखिळं’ असा शब्द कुणी वापरला तर शांतपणे विचारा, कुठला भाग, किती मिलिमीटर, आणि त्यानं काय बिघडतं?

पण विकायचं की ठेवायचं, हे पिस्तुलाच्या आवाजावरून ठरवू नका. त्याआधी मला तुम्हाला एक विचारायचं आहे. आबांना आता स्लाइड मागे खेचता येते का? ७६ व्या वर्षी बोटांतली पकड जाते, त्यात लाज नाही. येत नसेल तर शस्त्र त्यांच्या ताब्यात ठेवण्याचा अर्थ उरत नाही, आणि हे त्यांना आतून कळत असणार. जेवताना ते गप्प असतात, त्यामागे पिस्तुलापेक्षा हेच असेल, असं मला वाटतं. तुम्ही ‘हे जुनं झालंय, खिळखिळं झालंय, आता काढून टाकू’ म्हणता, तेव्हा ते वाक्य त्यांना कुणाबद्दल ऐकू येत असेल?

मार्ग आहे. शस्त्र नियम २०१६ मधल्या २५ व्या नियमानुसार परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ झालं, की हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आबा दोन्ही अटींत बसतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलीस आयुक्तालयाचं शहर असेल तर आयुक्तांकडे. बहीण-भाऊ असतील तर त्यांची ना-हरकत आधीच घेऊन ठेवा. परवाना तुमच्या नावावर होईपर्यंत ते शस्त्र आबांचंच आहे. त्यांच्या गैरहजेरीत, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय तुम्ही ते रेंजवर किंवा दुकानात घेऊन जाणं चुकीचं. ज्या वाचकांच्या घरी परवानाधारक वारलेले आहेत आणि पिस्तूल अजून कपाटात आहे, त्यांनी वर्षश्राद्धाची वाट बघू नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते लगेच जमा करून पावती घ्यावी, वारसाचा अर्ज त्यानंतर. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावं लागलं तर देण्याआधी तेलाचा हात फिरवून द्या आणि परत घेतल्यावर पहिल्याच दिवशी उघडून बघा. मालखान्यातले दोन महिने नळीला कपाटातल्या दोन वर्षांइतके लागतात.

आणि तुम्हालाच ते नको असेल, घरात लहान मुलं असतील, गरज उरली नसेल, तर विकणं हाही चांगला निर्णय आहे. फक्त तो तसा म्हणून घ्या, आणि तपासणीचा कागद हातात असताना, योग्य भावानं.

गनस्मिथकडे जाल तेव्हा आबांना घेऊन जा. परवाना त्यांचा आहे म्हणून न्यायला हवंच, पण त्यांना बाहेरच्या बाकावर बसवू नका. टेबलापाशी खुर्ची मागा. स्लाइड उतरल्यावर आतून काय निघतं ते त्यांना पाहू द्या, स्प्रिंग त्यांच्या हातात द्या. पुढच्या खंडेनवमीला पिस्तूल पूजेत हवंच असेल तर रिकामं करून, खोबरेलाऐवजी शस्त्राच्या तेलाचा पुसट हात देऊन, स्वच्छ कापडावर ठेवा. हळद-कुंकू वाहायचं ते समोर ठेवलेल्या सुपारीवर. फूल वरून ठेवायला हरकत नाही, फक्त पाणी शिंपडलेलं नको. हवेत बार काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या बेपर्वा गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. संध्याकाळी पूजा उतरली की कोरड्या चिंदीनं पुसून लगेच कुलपात. हे पुसायचं काम आबांकडेच राहू द्या.